भाकरीपासून सुरुवात करा: वर्गात जगाच्या संस्कृती शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

नोकरीचं माझं दुसरंच वर्ष होतं. गॅदरिंगला ‘जगाची सफर’ बसवायचं काम माझ्याकडे आलं. सहावीच्या पोरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक देश दिला. जपानच्या मुली आईच्या रेशमी साड्या गुंडाळून, अंबाड्यात पेन्सिली खोचून छत्र्या फिरवत आल्या. एका गटाचं नाव होतं ‘आफ्रिका’. देशांच्या यादीत एक अख्खा खंड बसलाय, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. त्या पोरांच्या तोंडाला आम्ही कोळसा फासला, कमरेला अशोकाची पानं बांधली आणि ढोलावर नाचवलं. टाळ्या भरपूर पडल्या. पाहुण्यांनी खास कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, “बाई, तिकडं शाळेत पण पानंच नेसून जातात का?”

मी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. पण तीन आठवडे राबून, पालकांना खर्चात पाडून, मी वर्गाला एक धादांत खोटी गोष्ट शिकवली होती. तेव्हापासून पद्धत बदलत गेले. आता शाळेत कुणी नवीन शिक्षक आले की ते विचारतात, “बाई, ते संस्कृतीचं तुम्ही कसं घेता?” एकेकाला सांगण्यापेक्षा म्हटलं, लिहूनच काढू.

मी गृहीत धरलंय की तुमचा वर्ग पाचवी ते आठवीचा आहे, पटावर चाळीस-पन्नास मुलं आहेत, तासिका ३५ मिनिटांची आहे आणि प्रोजेक्टर असला तर नेमकी त्या वेळी लाइट नाही.

पहिली पायरी: पृथ्वीगोल कपाटातच राहू द्या, आधी डबा उघडा

पहिल्या तासाला देशांची नावं घेऊ नका. फळ्यावर आपल्या सोलापुरी डब्यातलं सगळ्यात साधं जेवण लिहा: ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी. त्यात काय काय पडतं ते मुलांनाच सांगू द्या. ज्वारी, शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ. मग विचारा, यातलं मूळचं आपल्याकडचं काय? सगळे हात वर होतात. “बाई, सगळंच! शेंगा चटणी सोलापूरचीच की!”

आता एकेक नाव घ्या आणि भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर सुतळीचं एक टोक सोलापूरला, दुसरं त्या जागी टाचणीनं लावा. ज्वारी माणसानं पहिल्यांदा पिकवली ती आजच्या सुदानच्या पूर्व भागात, हजारो वर्षांपूर्वी. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या बाजूचा. मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. लसूण मध्य आशियातला. जिरं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं.

इथं थांबून एकच वाक्य टाका: आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात होऊन गेले, म्हणजे त्यांच्या काळात सोलापुरात मिरचीही नव्हती आणि शेंगदाणाही नव्हता. वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणतं, “मग आपलं काय राहिलं बे?”

हा प्रश्न आला की तुमचा तास वसूल झाला. घाईनं उत्तर देऊ नका, त्यांनाच शोधू द्या. माझ्या वर्गात एकदा एका मुलानं सांगितलं, “बाई, कुटायचं आपलं.” मला यापेक्षा चांगली व्याख्या आजवर सुचलेली नाही. शेंगदाणे भाजून, उखळात मिरची-लसणाबरोबर तेल सुटेपर्यंत कुटायचे, हे इथल्या माणसांनी ठरवलं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी आज देशभर नावाजली जाते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण दाण्याचं मूळ गाव सुदानकडचं. संस्कृती शिकवायची म्हणजे वस्तू कुठली एवढंच सांगून भागत नाही. त्या वस्तूचं माणसांनी काय केलं, ते सांगायचं.

इथून सुदानला जाणं सोपं. तिथं याच ज्वारीच्या पिठाचं पातळ सरबरीत करून ते आंबवतात आणि तापलेल्या तव्यावर पसरून कागदासारखी पातळ पोळी काढतात. तिला किसरा म्हणतात. मुलांना विचारा, आपल्याकडं ज्वारी आंबवून काय करतात? दोघं-तिघं तरी ओरडतात, “आंबील!” झालं. सुदान आता मुलांसाठी ‘आफ्रिकेतला गरीब देश’ राहिला नाही. आपल्याच दाण्याचं तिसरंच काहीतरी करणाऱ्या माणसांचा तो देश झाला.

नकाशावरून सुतळ्या लगेच काढू नका. महिनाभर राहू द्या. येता-जाता मुलं त्यात भर घालतात. चहा, बटाटा, टोमॅटो, साबण या शब्दापर्यंत मजल जाते.

दुसरी पायरी: आपल्याच वर्गातल्या भाषा मोजा

बाहेरच्या लोकांना सोलापूरचं हे सांगितलं तर पटत नाही. एका वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार घरच्या भाषा असणं आपल्याकडं अगदी नेहमीचं आहे. तेलंगणातून मागावर काम करायला आलेली पद्मशाली घरं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड घरं, शहरातली जुनी उर्दू बोलणारी कुटुंबं. शिक्षकानं जगाच्या संस्कृतींवर बोलायचं आणि या चार भाषांकडे ढुंकून बघायचं नाही, हे मला तरी बरं दिसत नाही.

नात्यांच्या शब्दांपासून सुरू करा. फळ्यावर लिहा: वडिलांचा मोठा भाऊ, वडिलांचा धाकटा भाऊ, आईचा भाऊ. प्रत्येक मुलानं घरी काय हाक मारतो ते सांगायचं. मराठी घरात दोघंही काका, फार तर एक ‘मोठे काका’. कन्नड मुलं सांगतील दोड्डप्पा आणि चिक्कप्पा (काही जण काकाच म्हणतात, तेही लिहा, खोडू नका). तेलुगूत पेद्दनान्ना आणि बाबाय. उर्दू घरात कुठे ताया, कुठे बडे अब्बा, आणि धाकटा तो चाचा. इंग्रजीत सगळ्यांना एकच अंकल. मामासकट.

आता याच तक्त्यात चिनी भाषेची एक ओळ वाढवा. वडिलांचा मोठा भाऊ बोबो, धाकटा शूशू, आईचा भाऊ ज्यौज्यौ. मुलांना आपोआप दिसतं की चिनी पद्धत इंग्रजीपेक्षा आपल्या कन्नड-तेलुगू घरांच्या जवळची आहे. आणि चिनी भाषेत ‘मामा’ म्हणजे आई, हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं वर्ग तुमच्या हातात राहत नाही. तेवढी सूट द्या. शेवटी हवाई बेटांची ओळ घाला. तिथल्या मूळ भाषेत आई, मावशी आणि आत्या या तिघींना एकच शब्द आहे, माकुआहिने. कुणाला किती वेगळे शब्द लागतात आणि का लागत असतील, यावर गटात चर्चा ठेवा. मुलं शेती, वाटण्या, लग्नातले मान इथपर्यंत स्वतःच पोहोचतात.

एक सावधगिरी. मामाच्या मुलीशी लग्न हा विषय निघणारच, कारण आपल्याकडं अनेक घरांत ते चालतं. हशा पिकतो आणि त्यात एखादी मुलगी अवघडते. तिथं लगेच पुढच्या रकान्याकडे वळा. आणि ज्या मुलाच्या घरी वडील किंवा काका नाहीत, त्याला उभं करून विचारू नका. उत्तरं बसल्या जागेवरून, ज्याला द्यायची त्यानं द्यायची.

चीनची ओळ मी उगाच घेतलेली नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९१० साली इथं जन्मले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून जे पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यांतले ते एक. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, रणांगणाजवळच्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत राहिले. तिथंच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, वय अवघं ३२. चीनमध्ये शिच्याच्वांगला त्यांचं स्मारक आहे आणि आपल्या भैय्या चौकातल्या त्यांच्या घरातही आहे.

मुलांना तिथं घेऊन जा. रिक्षानं नेलं तरी अर्ध्या दिवसात परत येता. पण जाण्याआधी एक प्रश्न वहीत लिहून घ्या: यिनहुआनं वडिलांच्या भावाला काय हाक मारली असती, काका की शूशू? या प्रश्नावर मुलं स्मारकात जेवढं बोलतात, तेवढं जन्म-मृत्यूच्या तारखा पाठ करून बोलत नाहीत. चीन म्हटलं की काही मुलं घरी ऐकलेलं सीमेवरचं भांडण काढतील. काढू द्या. दोन सरकारांचं भांडण आणि दोन देशांतली माणसं यांत फरक असतो, हे दाखवायला कोटणिसांचं घर समोरच उभं आहे.

तिसरी पायरी: देश कमी घ्या

नव्या शिक्षकाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्षभरात वीस देश. प्रत्येकाचा झेंडा, राजधानी, पोशाख, एक पदार्थ. मुलं चार्ट पेपर रंगवतात, भिंत भरते, फोटो निघतात. परीक्षेनंतर विचारा, काही उरलेलं नसतं. मी वर्षाला दोनच जागा घेते आणि प्रत्येक जागेची एकच गोष्ट. सहा-आठ तासिका पुरतात.

‘आफ्रिका’ हा शब्द शिकवण्यातून हद्दपार करा, खंडाचा भूगोल शिकवताना सोडून. तिथं ५४ देश आहेत. घाना म्हणा, सुदान म्हणा, इथिओपिया म्हणा. मोबाइलवर नेहमी दिसतो तो मर्केटर पद्धतीचा नकाशा मुलांना फसवतो, तेही एकदा दाखवा. त्यात ग्रीनलँड आणि आफ्रिका साधारण सारखेच दिसतात. खरं तर ग्रीनलँड आपल्या भारतापेक्षाही लहान आहे आणि आफ्रिकेत भारत नऊ वेळा मावतो. पृथ्वीगोल आता कपाटातून काढायला हरकत नाही.

सोलापुरात माझी आवडती जोडी म्हणजे चादर आणि केंटे. आपल्याकडं मागावर काम केलेलं निदान एक माणूस ज्याच्या नात्यात नाही, असं मूल पूर्व भागातल्या शाळेत शोधून सापडायचं नाही. केंटे हे घानामधल्या असांते आणि एवे लोकांचं कापड. विणकर वीतभरही रुंद नसलेल्या लांबच लांब पट्ट्या विणतो. मागाच्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरून तो धागे वर-खाली करतो. मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठं वस्त्र तयार होतं. प्रत्येक नक्षीला नाव असतं, कधी ती एखाद्या म्हणीवर असते, कधी एखाद्या राणीवर.

आधी मुलांना आपल्या चादरीकडे नीट बघायला लावा. उलट्या बाजूनं बघा, रंग कसे पालटलेत? ही नक्षी जेकार्डवर निघते. जेकार्ड हे खरं तर एका माणसाचं नाव, ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकार्दचं. १८०४ च्या सुमाराला त्यानं फ्रान्समध्ये ही जोडणी बसवली. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो. म्हणजे घरोघरी पांघरायला घेतो ती सोलापुरी चादर तेलंगणातून आलेल्या हातांनी, फ्रेंच माणसाच्या युक्तीनं विणली. सुतळी पुन्हा नकाशावर.

जमलं तर मुलांना एखाद्या कारखान्यात न्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीनं परवानगी मिळते. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा, कारण यंत्रमाग चालू असताना आत ओरडून सांगितलेलंही ऐकू येत नाही आणि पोरांचे हात धोट्याकडे जातात. ओढण्या आणि मोकळे केस बांधून घ्या. प्रश्न आधी लिहून न्या, उत्तरं बाहेर अंगणात बसून विचारा.

त्याहून चांगलं म्हणजे मागावर काम केलेले एखादे आजोबा वर्गात बोलवा. पण बोलवताना बघा. त्यांच्या नातवाला आधी एकट्याला विचारा, त्याला चालणार आहे का. मी एकदा हे न विचारता एका मुलाच्या वडिलांना थेट निरोप धाडला. ते रात्रपाळी करून, न झोपता, ठेवणीतला शर्ट घालून आले. पोरगं तासभर मान खाली घालून बसलं. वर्गात त्यानं वडील ‘कंपनीत’ आहेत असं सांगितलेलं होतं. चूक त्याची नव्हती. आता मी पाहुण्यांना पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी करून दाखवायला सांगते. धागा तुटला तर गाठ कशी मारायची, कांडी कशी भरायची. चाळीस पोरं ती गाठ मारायला बघतात आणि एकालाही जमत नाही. मग नातवाची मान आपसूक वर येते.

चौथी पायरी: चिंचोके गोळा करा

खेळ हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः घानात, ओवारे नावाचा खेळ खेळतात. जमिनीत किंवा लाकडी फळीत सहा-सहा खळग्यांच्या दोन रांगा, प्रत्येक खळग्यात चार बिया, एकूण ४८. समोरासमोर दोघं बसतात, आपल्या बाजूची रांग आपली. आपली पाळी आली की आपल्या एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि घड्याळाच्या उलट दिशेनं पुढच्या प्रत्येक खळग्यात एकेक टाकत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडली आणि तिथं एकूण दोन किंवा तीन झाल्या, की त्या आपल्या. त्याच्या लगतच्या मागच्या खळग्यातही दोन किंवा तीन असतील तर त्याही, आणि अशी साखळी तुटेपर्यंत. समोरच्याकडे खेळायला एकही बी उरणार नाही अशी खेळी करायची नाही. ज्याच्याकडे आधी २५ जमतील तो जिंकला.

मैदानात काठीनं खळगे करा, चिंचोके वाटा आणि नियम सांगा. नाव, देश काहीही सांगू नका. दोन डाव होऊ द्या. मग गृहपाठ: घरी जाऊन आजीला विचारायचं, असा खेळ माहीत आहे का?

दुसऱ्या दिवशी बघा. तेलुगू घरातली मुलं सांगतात, “वामनगुंटलु!” कन्नड घरातली सांगतात, “अळगुळी मणे!” आपल्याकडच्या फळीत बहुधा सात-सात खळगे असतात आणि नियम वेगळे, पण बिया पेरत जायची तऱ्हा तीच. एका वर्षी एक मुलगी पणजीची फळी कापडात गुंडाळून घेऊन आली. खळगे हात लागून लागून गुळगुळीत झाले होते. त्या दिवशी गणिताचा तासही मी त्यालाच दिला. (तसंही ते गणितच आहे. पुढच्या तीन खेळ्या मोजल्याशिवाय कुणी जिंकत नाही.)

पाचवी पायरी: सण शिकवताना ‘म्हणजे त्यांची दिवाळीच’ म्हणू नका

हे वाक्य माझ्याही तोंडून फार वेळा गेलंय. सोपं वाटतं, मुलांना लगेच कळल्यासारखं होतं. पण त्यातून त्या लोकांचं काही कळत नाही, आपल्याच दिवाळीला परदेशी कपडे चढतात. साम्य दाखवा आणि लगेच फरकही विचारा.

गड्ड्याच्या जत्रेचं, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचं उदाहरण घ्या. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला शाळेत कुणाचं लक्ष नसतंच, तर त्याचाच उपयोग करा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, कमरेच्या पट्ट्यात पेलून चालतात, हे प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. आता त्यांना जपानमधल्या अकिता शहराचा कांतो उत्सव सांगा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथं लोक बांबूचे उंच खांब उचलतात. मोठा खांब १२ मीटरचा, वजन ५० किलोच्या आसपास, त्याला पेटते ४६ कंदील. हा खांब तळहातावर, मग कपाळावर, खांद्यावर, कमरेवर तोलून धरतात. चांगलं पीक यावं आणि रोगराई टळावी म्हणून हा उत्सव सुरू झाला.

आधी करून बघा: एकानं पेन्सिल तळहातावर उभी तोलायची, दुसऱ्यानं झाडूची लांब काठी. काठी जास्त वेळ उभी राहते, कारण लांब वस्तू सावकाश कलते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. मग प्रश्न: दोन्हीकडे उंच काठी तोलतात, तर मग दोन्ही उत्सव एकच का? मुलं सांगू लागतात. आपल्याकडं अक्षता पडतात, लग्न असतं. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह झाला, ती गोष्ट आहे. तिकडं कंदील आहेत, सुगी आहे. काठी सारखी, तिच्यामागचं मन वेगळं. इथवर मुलं पोहोचली की तुम्ही गप्प बसा.

झेंडूचंही असंच. दसऱ्याला आपल्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथं १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांच्या आठवणीत घरात मांडणी करतात आणि तिच्यावर याच फुलांचा सडा असतो. एकाच फुलाचा आपल्याकडे दारावर मान, तिकडे पितरांसमोर.

आणि मार्चमध्ये नवरोज. २०-२१ मार्चला दिवस-रात्र समान होतात, तेव्हा इराणमध्ये नवं वर्ष. घरात ‘स’नं सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात: सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सिरका, सब्जे म्हणजे उगवलेले हिरवे अंकुर, आणि आणखी काही. उर्दू बोलणारी मुलं इथं चटकन पुढं येतात, कारण सेब, सिरका हे शब्द त्यांच्या घरात आहेत. फारसीत सात म्हणजे हफ्त. सात दिवसांचा हफ्ता, त्यावरून आपला गाडीचा हप्ता. पाठोपाठ गुढीपाडवा, म्हणजेच कन्नड-तेलुगू घरांतला उगादी, येतोच.

मध्येच येणारा ‘ई’

मेक्सिकोच्या वाहाकामध्ये भाजलेले टोळ खातात असं तुम्ही सांगाल आणि वर्गातून एकसुरात “ईऽऽ” येईल. यासाठी आधीच तयार राहा, कारण तो ‘ई’ फक्त मेक्सिकोला लागत नाही. आपल्या वर्गात लिंगायत घरातलं मूल असतं, ज्याच्याकडं अंडंही शिजत नाही. सुकट-बोंबील खाणारं असतं, वजडी खाणारं असतं. एकाच्या डब्यावर दुसऱ्यानं ‘ई’ केलं की मधल्या सुट्टीत एक मूल भिंतीकडे तोंड करून जेवायला लागतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या वर्गात नियम आहे: ‘ई’ ऐवजी ‘मला नवीन’ म्हणायचं. पहिले दोन आठवडे मुलं चेष्टेनं म्हणतात, नंतर सवयीनं. ‘मागास’, ‘रानटी’, ‘विचित्र’ हे शब्दही फळ्यावर लिहून त्यावर रेघ मारा आणि त्याऐवजी काय दिसतं तेवढंच सांगायला लावा.

वेळ कुठून काढायचा

मुख्याध्यापक विचारणारच, पाठ्यक्रम कधी संपणार. त्यांना वेगळा उपक्रम म्हणून सांगू नका, तो मग कागदावरच राहतो. ज्वारीचा तास भूगोलात बसतो, नात्यांचा तक्ता भाषेत, ओवारे गणितात आणि केंटे चित्रकलेत. उरलेलं आनंददायी शनिवारात. तारखांपैकी फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा धरा. २१ फेब्रुवारी हा जागतिक मातृभाषा दिन. १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या, त्याची ही आठवण. सहाच दिवसांनी आपला मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही एकत्र घेतले की मराठीच्या कार्यक्रमात कन्नड-तेलुगू-उर्दू मुलंही पाहुणी राहत नाहीत. सांस्कृतिक विविधतेचा आंतरराष्ट्रीय दिवस २१ मे आहे. तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्याची सुट्टी आणि ४३ अंश ऊन, त्यामुळे तो विसरा.

गुण द्यायचेच असतील तर राजधानी, चलन विचारू नका. प्रत्येकानं त्या ठिकाणच्या आपल्याच वयाच्या मुलाला विचारायचे तीन प्रश्न लिहायचे. पहिल्या महिन्यात “तुमच्या देशाचा राष्ट्रीय प्राणी कोणता?” असे प्रश्न येतात. डिसेंबरपर्यंत “किसरा काढताना तुझ्या आईची बोटं भाजतात का?” असा प्रश्न आला तर पैकीच्या पैकी द्या.

सामान फार लागत नाही: जगाचा मोठा नकाशा, सुतळी, टाचण्या, एक जुनी चादर, झाडूची काठी आणि चिंचोके. एका डावाला ४८ लागतात, तुम्ही साठ ठेवा. वर्गात फिरून आलेले चिंचोके कधीच पुरते परत येत नाहीत.